राखून ठेवलेली, पण न लिहिलेली जागा: फाइलसिस्टिममधली रेस पकडायला कसं शिकावं

एका फाइलसाठी एक जीबी जागा आधीच राखून ठेवली, पण तिच्यात अजून एक बाइटही लिहिलेला नाही. ती फाइल वाचली तर काय मिळायला हवं? शून्यं. पण डिस्कवर त्या ठिकाणी शून्यं नसतात. तिथे पूर्वी कुणाची तरी खोडलेली फाइल असते, आणि तिचे बाइट जसेच्या तसे पडून असतात. फाइलसिस्टिम त्या जागेवर 'अनरिटन' अशी खूण करते. जागा तुझी, पण आतलं अजून तुझं नाही, वाचायला आलास तर शून्यं देईन, असा त्या खुणेचा अर्थ. पहिलं लिखाण डिस्कवर पोचलं की तेवढ्या भागाची खूण काढायची.

ही खूण नेमकी कधी काढायची, आणि ती बदलत असताना दुसरं कुणी त्याच जागेशी खेळत असेल तर काय, यावर या विषयातले जवळजवळ सगळे बग उभे आहेत. दोन कामांतलं कुठलं आधी होतं यावर निकाल बदलला की त्याला रेस म्हणतात. हा लेख लिनक्सवर एक्स्ट४ किंवा एक्सएफएस वापरणाऱ्या आणि कर्नलच्या किंवा स्टोरेजच्या चाचणीत नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. सी वाचता येणं आणि रूट म्हणून कमांड चालवता येणं एवढं पुरे. सगळे प्रयोग व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. खाली डिव्हाइस पुसण्याच्या कमांड आहेत आणि एक अक्षर चुकलं तरी भारी पडतं.

पायरी १: ओळखू येईल अशी घाण भरलेली डिस्क तयार करा

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तो कोरी लूप फाइल (डिस्क म्हणून वापरायची साधी फाइल) बनवतो. तिच्यात सगळीकडे शून्यंच असतात, त्यामुळे जुना डेटा बाहेर गळला तरी शून्यंच दिसतात आणि चाचणी खुशाल पास होते. म्हणून आधी डिस्क मुद्दाम घाण करायची.

एक्सएफएसप्रॉग्ज पॅकेजमध्ये एक्सएफएस_आयओ नावाचं साधन येतं. नावात एक्सएफएस असलं तरी ते एक्स्ट४ वरही चालतं. त्याच्या पीराइट कमांडने १ जीबीची फाइल हेक्स एबी या बाइटने भरा आणि मग लॉसेटअपने तिचं लूप डिव्हाइस करा. आता फॉरमॅट. इथे एमकेएफएसला (फॉरमॅट करणारी कमांड) डिस्कार्ड, म्हणजे 'ही जागा आता नको' असा डिव्हाइसला निरोप, करू देऊ नका. एक्स्ट४ साठी मोठ्या 'ई' पर्यायात नोडिस्कार्ड द्या, एक्सएफएससाठी मोठा 'के' द्या. नाही दिलात तर एमकेएफएस पूर्ण डिव्हाइसला डिस्कार्ड पाठवतं, लूप ड्रायव्हर त्याचं रूपांतर मागच्या फाइलमध्ये भोकं पाडण्यात करतो, आणि तुमची सगळी घाण एका क्षणात साफ. एक्स्ट४ ला त्याच मोठ्या 'ई' खाली लेझी आयटेबल इनिट आणि लेझी जर्नल इनिट दोन्ही शून्य करा. नाहीतर माउंट केल्यावर मागे एक थ्रेड आयनोड टेबलं (फाइलींच्या माहितीची कोष्टकं) पुसत बसतो आणि ट्रेसमध्ये नको तो गोंगाट येतो.

आता यावर डिव्हाइस मॅपरचा (डिव्हाइसवर आभासी थर चढवणारी कर्नलची सोय) डीले टार्गेट बसवा. त्याच्या टेबलात आधी वाचण्याचं डिव्हाइस, ऑफसेट आणि उशीर येतो, मग लिहिण्याचं डिव्हाइस, ऑफसेट आणि उशीर. उशीर मिलिसेकंदात असतो. वाचण्याला ०, लिहिण्याला ३००० द्या. म्हणजे डिस्कवरचं प्रत्येक लिखाण तीन सेकंद उशिरा पूर्ण होईल. फॉरमॅट मात्र हा थर चढवण्याआधीच उरका, नाहीतर एमकेएफएस संपायची वाट पाहत बसाल. माउंट डीलेवालं डिव्हाइस करा, खालचं लूप नाही.

हा डीले म्हणजे इथलं भिंग आहे. खऱ्या एनव्हीएमई डिस्कवर लिखाण सुरू होणं आणि पूर्ण होणं यांत काही मायक्रोसेकंद जातात. रेस त्याच फटीत राहते. फट तीन सेकंदांची केली की ती नुसत्या डोळ्यांनी दिसते.

पायरी २: अनरिटन जागा प्रत्यक्ष बघा

माउंट केलेल्या फाइलसिस्टिमवर एक नवी फाइल घ्या आणि एक्सएफएस_आयओच्या फॅलॉक कमांडने ० पासून १ एमबी जागा राखा. मागे फॅलोकेट हा सिस्टिम कॉल चालतो. लिनक्समध्ये तो २००७ साली, २.६.२३ कर्नलमध्ये आला. आता फाइलफ्रॅगला (फाइलचे ब्लॉक डिस्कवर कुठे आहेत ते दाखवणारं साधन) छोटा 'व्ही' देऊन चालवा. ४ केबी ब्लॉक असेल तर असं काहीसं दिसेल (एक्स्टेंट म्हणजे सलग ब्लॉकचा एक पट्टा):

एक्स्टेंट ०: फाइलमधले ब्लॉक ० ते २५५, लांबी २५६, खूण: शेवटचा, अनरिटन

याच ओळीत डिस्कवरचा भौतिक ब्लॉक क्रमांकही असतो. तो लिहून घ्या. फाइल हेक्सडंपने वाचा: सगळी शून्यं. मग डीडीने थेट डिव्हाइसवरचा तोच ब्लॉक वाचा. ब्लॉक साइझ ४०९६, स्किपमध्ये तो क्रमांक, काउंट १, आणि इनपुट फ्लॅग डायरेक्ट. डायरेक्ट विसरू नका. ब्लॉक डिव्हाइसचा पेज कॅश (मेमरीत ठेवलेली डेटाची प्रत) फाइलच्या पेज कॅशपेक्षा वेगळा असतो आणि तो शिळं चित्र दाखवू शकतो. स्क्रीनवर एबी एबी एबी अशी रांग येईल. फाइल म्हणते शून्यं, डिस्क म्हणते एबी, आणि या दोघांमध्ये फक्त एका बिटाची भिंत आहे.

ही भिंत खरोखरच एवढीच आहे. एक्सएफएसमध्ये १२८ बिटांच्या एक्स्टेंट नोंदीतला एक बिट यासाठी राखलेला आहे. एक्स्ट४ मध्ये तेवढाही वेगळा बिट नाही. १६ बिटांच्या लांबीच्या रकान्यातला सगळ्यात वरचा बिट वापरला जातो. म्हणून एक्स्ट४ चा लिहिलेला एक्स्टेंट जास्तीत जास्त ३२७६८ ब्लॉकचा असतो आणि अनरिटन ३२७६७ चा. हा एकाचा फरक अनेकांना टायपो वाटतो. तो टायपो नाही.

पायरी ३: दोन ठिकाणची दोन उत्तरं

त्याच फाइलमध्ये ६४ केबी ऑफसेटवर ४ केबी 'ए' अक्षर लिहा, पण एफसिंक (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणारा कॉल) करू नका. फाइलफ्रॅग पुन्हा चालवा, छोटा 'एस' न देता, कारण तो पर्याय आधी सिंक करतो. नकाशा अजूनही म्हणतो: २५६ ब्लॉक, अनरिटन. फाइल वाचली तर 'ए' दिसतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये डर्टी पेज (मेमरीत बदललेलं, पण डिस्कवर न गेलेलं) साधारण ३० सेकंद जुनं झाल्यावर मागचा फ्लशर (अशी पेजं डिस्कवर पाठवणारा कर्नलचा थ्रेड) ते उचलतो, आणि फ्लशर दर ५ सेकंदांनी उठतो. तेवढा वेळ तुम्हाला हे निवांत पाहता येतं.

म्हणजे 'या जागी काय आहे' या प्रश्नाचं उत्तर दोन ठिकाणी विभागलेलं आहे: एक्स्टेंटच्या नकाशात आणि पेज कॅशमध्ये. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही, आणि दोन्ही एकाच क्षणी वाचता येत नाहीत. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आता एफसिंक पार्श्वभूमीत सोडा आणि दर २०० मिलिसेकंदांनी फाइलफ्रॅग चालवत राहा. डेटाचं लिखाण डिस्कवर अडकलेलं असेपर्यंत तो ब्लॉक अनरिटनच दिसेल. तीन सेकंद उलटले की नकाशाचे तीन तुकडे दिसतील: ० ते १५ अनरिटन, १६ लिहिलेला, १७ ते २५५ अनरिटन. एफसिंक मात्र लगेच परतणार नाही. खूण बदलल्याची नोंद जर्नलमध्ये (फाइलसिस्टिमच्या बदलांची वही) जायची आहे आणि तिलाही हाच उशीर लागतो.

(६४ केबी हा आकडा सहज घेतलेला नाही. एक्स्ट४ मध्ये एक्स्टेंट मॅक्स झिरोआउट केबी नावाची सेटिंग आहे, मूळ किंमत ३२. काही मार्गांवर शेजारचा उरलेला तुकडा त्याहून लहान असेल तर तो न तोडता सरळ शून्यांनी भरला जातो. मग तीन तुकडे दिसत नाहीत आणि प्रयोग फसला असं वाटतं.)

क्रम नीट पाहा: आधी डेटा डिस्कवर, मग खूण बदल, मग जर्नल. खूण आधी बदलली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर पुढच्या बूटनंतर त्या ब्लॉकमध्ये एबी दिसेल. खऱ्या यंत्रावर तो एबी नसतो, दुसऱ्या कुणाची तरी खोडलेली फाइल असते. म्हणूनच याकडे सुरक्षेची चूक म्हणून पाहतात. खूण बदलायला ट्रान्झॅक्शन (जर्नलमधली एकत्र नोंद) लागते, ट्रान्झॅक्शनमध्ये झोपावं लागू शकतं, आणि डिस्कच्या इंटरप्टमध्ये झोपता येत नाही. म्हणून हे काम वर्कक्यूमधल्या वेगळ्या थ्रेडकडे जातं. म्हणजे डेटा पोचला पण खूण बदलायची आहे, अशी एक मधली अवस्था कायम असते.

आपण फॅलोकेट वापरतच नाही, मग याची काळजी कशाला, असं समजू नका. एक्स्ट४ मध्ये २०२० च्या ५.६ कर्नलपासून डीआयओरीड नोलॉक हीच मूळ पद्धत आहे. साध्या नव्या लिखाणालाही जागा आधी अनरिटन म्हणून मिळते आणि लिखाण पोचल्यावर बदलते.

पायरी ४: चार रेस ओळखा

सगळ्यात शिकण्यासारखी म्हणजे शिळ्या नकाशाची रेस. एक थ्रेड १ एमबी बफर्ड लिखाण करतोय असं धरा. आधुनिक आयओमॅप कोड (फाइलसिस्टिमांचा सामाईक आयओ कोड) नकाशा एकदाच विचारतो, 'हा सगळा पट्टा अनरिटन' असं उत्तर घेतो, आणि ती चिठ्ठी हातात धरून एकेक पेज भरत जातो. या लिखाणाचं शेवटचं पेज अर्धंच भरायचं आहे. त्याच पेजचा दुसरा अर्धा भाग आधीच्या एका लिखाणाने भरलेला आहे आणि तो मेमरीत डर्टी आहे.

क्षण १: लेखकाने चिठ्ठी घेतली. शेवटचं पेज: अनरिटन.
क्षण २: फ्लशरने ते जुनं डर्टी पेज डिस्कवर पाठवलं. लिखाण पूर्ण झालं, नकाशात ते 'लिहिलेलं' झालं.
क्षण ३: मेमरी कमी पडली. पेज आता स्वच्छ आहे, म्हणून कर्नलने ते कॅशमधून काढून टाकलं.
क्षण ४: लेखक शेवटच्या पेजवर आला. कॅशमध्ये पेज नाही. चिठ्ठी म्हणते अनरिटन. म्हणजे डिस्कवरून वाचायची गरज नाही, उरलेला अर्धा भाग शून्यांनी भरू.
क्षण ५: शून्यं भरलेलं पेज डिस्कवर गेलं. आधीचा अर्धा भाग गेला.

कुणीही बेकायदा काही केलं नाही. प्रत्येकाने आपापलं लॉक बरोबर घेतलं. फ्लशरला आयनोडचं लॉक लागतच नाही, त्यामुळे लेखकाने ते धरून ठेवल्याने काही अडत नाही. २०२२ च्या अखेरीस एक्सएफएस आणि आयओमॅपमध्ये यावर दुरुस्ती आली. नकाशा देताना सोबत एक अनुक्रमांक द्यायचा. पेजचं लॉक घेतल्यावर तो अजून तोच आहे का ते बघायचं. बदललेला असेल तर चिठ्ठी फाडून नव्याने विचारायचं. तपासणी लॉक घेतल्यानंतरच हवी. आधी तपासून मग लॉक घेतलं तर फट फक्त एक ओळ खाली सरकते.

दुसरी रेस डायरेक्ट आयओची, म्हणजे पेज कॅश टाळून थेट डिस्कशी होणाऱ्या लिखाणा-वाचनाची. ब्लॉक ४ केबीचा, अनरिटन. दोन असिंक्रोनस लिखाणं येतात: एक पहिल्या ५१२ बाइटवर, दुसरं पुढच्या ५१२ वर. डिस्कच्या दृष्टीने दोन्ही वेगवेगळ्या सेक्टरवर. पण पूर्ण ब्लॉक 'लिहिलेला' होणार असल्यामुळे प्रत्येकाला आपल्या भागाबाहेरचा ब्लॉक शून्यांनी भरावा लागतो. दोघे एकमेकांचा डेटा शून्यांनी पुसतात. एक्स्ट४ मध्ये यासाठी २०११ साली असं अर्धवट लिखाण एकामागोमाग एक करण्याची व्यवस्था आली. इथे नुसतं लॉक घेणं पुरत नाही. असिंक्रोनस लिखाण पाठवून लगेच परतता येतं, लॉक सुटतं आणि आयओ अजून वाटेतच असतो. म्हणून आधीचा सगळा डायरेक्ट आयओ संपेपर्यंत थांबावं लागतं.

या बाबतीत ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांची एक ठरलेली फसगत आहे. स्टॅटएक्स कॉल डायरेक्ट आयओची किमान अलाइनमेंट सांगतो, ती बहुधा ५१२ येते, आणि मंडळी ५१२ वर लिहायला लागतात. ती चालण्याची अट आहे, वेगाने चालण्याची नाही. फाइलसिस्टिमच्या ब्लॉक साइझवर अलाइन केलंत तरच या रांगेतून सुटका होते.

तिसरी, भोक पाडणं (पंच होल, फाइलच्या मधला भाग मोकळा करणं) विरुद्ध पेज फॉल्ट (मेमरीत नसलेल्या पेजला हात लागला की कर्नलने ते आणणं). पंच होल आधी त्या पट्ट्यातली पेजं कॅशमधून काढतं, मग ब्लॉक मोकळे करतं. दोन्हीच्या मध्ये फाइल एमएमॅप केलेल्या (मेमरीच्या पत्त्यांवर जोडलेल्या) प्रोसेसने त्या पत्त्याला हात लावला तर पेज परत कॅशमध्ये येतं, जुन्या ब्लॉकच्या पत्त्यासकट. थोड्या वेळाने तो ब्लॉक दुसऱ्या फाइलला मिळालेला असतो. इथे आयनोडचं नेहमीचं लॉक वापरता येत नाही. राइट कॉल आयनोडचं लॉक धरून वापरकर्त्याच्या बफरला हात लावतो आणि त्यातून फॉल्ट होऊ शकतो. फॉल्टनेही तेच लॉक मागितलं तर डेडलॉक. म्हणून वेगळं लॉक लागतं. एक्स्ट४ आणि एक्सएफएसची आधी आपापली लॉक होती. २०२१ च्या ५.१५ कर्नलमध्ये ती इनव्हॅलिडेट लॉक या एकाच सामाईक लॉकमध्ये आली.

चौथी रेस कॉपी करणाऱ्या साधनांना चावते. सीक डेटा आणि सीक होल हे कॉल फाइलमध्ये भोकं कुठे आहेत ते सांगतात, म्हणजे कॉपी करताना तो भाग वगळता येतो. अनरिटन एक्स्टेंट भोक मानायचा की डेटा? मेमरीत त्यावर डर्टी पेज असेल तर डेटा, नसेल तर भोक. पुन्हा तोच दोन ठिकाणचा प्रश्न. नुसता नकाशा पाहिला तर ताजा डेटा भोक म्हणून वगळला जातो आणि कॉपीमध्ये शून्यं येतात. मूळ फाइल शाबूत असते, त्यामुळे लक्षातही येत नाही. २०११ मध्ये सीपी कमांडने नकाशा थेट वाचायला सुरुवात केली तेव्हा हेच घडलं, आणि पुढच्या आवृत्तीत आधी सिंक करण्याची सक्ती करावी लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएसमध्ये याच जातीचा बग गाजला. झेडएफएसमध्ये अनरिटन एक्स्टेंट नसतात, पण 'ही फाइल डर्टी आहे का' हे विचारण्यात फट होती, आणि डर्टी फाइलचा काही भाग भोक म्हणून सांगितला जात होता. २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं.

पायरी ५: रेस घडवून आणा

वाट पाहून रेस सापडत नाही, तिला रस्ता करून द्यावा लागतो. शिळ्या नकाशासाठी तीन प्रोसेस हव्यात.

पहिली लेखक. तिने १ एमबीच्या आसपासची, पण शेवट पेजच्या मध्यावर होईल अशी लिखाणं करावीत. त्याआधी शेवटच्या पेजचा उरलेला अर्धा भाग वेगळ्या लहान लिखाणाने भरलेला असावा. दुसरी प्रोसेस त्या शेवटच्या पेजवर सिंक फाइल रेंज मारत राहील, म्हणजे एफसिंकचं ओझं न घेता त्या पेजचं लिखाण सुरू होतं. तिसरी ड्रॉप कॅशेसमध्ये १ लिहीत राहील. ती फक्त स्वच्छ पेजं काढते, आपल्याला तेवढंच हवं आहे. मेमरी सीग्रुपची (प्रोसेसच्या गटाची मेमरी बांधणारी सोय) मर्यादा कमी ठेवलीत तर तिसरीचं काम आपोआप होतं, आणि ते खऱ्या जगाच्या जास्त जवळ जातं.

एवढं करूनही फट लागत नसेल तर लेखकाला मध्येच अडवा. त्याचा बफर साधा न घेता दुसऱ्या, वाचायला हळू असलेल्या डीले डिव्हाइसवरच्या फाइलचा एमएमॅप घ्या. कर्नल पुढचं पेज भरण्याआधी बफरला हात लावतो आणि तिथे फॉल्ट होऊन थांबतो, हातात नकाशाची चिठ्ठी धरून. त्या वेळी फाइलच्या पेजचं लॉक त्याच्याकडे नसतं. फ्लशर आणि रिक्लेम (मेमरी मोकळी करणारं कर्नलचं काम) यांना हवा तेवढा वेळ मिळतो. यूझरफॉल्टएफडी (फॉल्ट तुमच्याच प्रोग्रामला हाताळू देणारी सोय) वापरलंत तर हा थांबा तुम्ही स्वतः सोडेपर्यंत टिकतो, आणि लाखात एकदा होणारी रेस दर वेळी घडते.

हाताने लिहिलेल्या चाचणीबरोबर एफएसटेस्ट्सही चालवा, हा संच एक्सएफएसटेस्ट्स या जुन्या नावानेही ओळखतात. त्याला दोन डिव्हाइस लागतात: टेस्ट आणि स्क्रॅच. स्क्रॅच तो पुन्हा पुन्हा फॉरमॅट करतो, तेव्हा नाव देताना दोनदा बघा. सुरुवातीला प्रीअलॉक, पंच आणि एआयओ हे गट घ्या. एकदा पास होण्याला इथे काही अर्थ नाही. चेक स्क्रिप्टला मोठा 'आय' आणि संख्या दिली की तेवढ्या वेळा चालते आणि पहिल्या अपयशाला थांबते. शंभर फेऱ्या लावून झोपायला जा.

एफएसएक्स हे त्यातलं जुनं आणि अजूनही सगळ्यात कामाचं हत्यार. ते फाइलवर यादृच्छिक लिखाण, ट्रंकेट, फॅलोकेट, पंच होल, एमएमॅप करत जातं आणि प्रत्येक वाचन मेमरीतल्या प्रतीशी ताडतं. पण ते एकटंच काम करतं, म्हणून त्याची शर्यत फक्त कर्नलच्या मागच्या थ्रेडांशी लागते. बाजूला एफएसस्ट्रेस आठ-दहा प्रोसेसनी चालू ठेवा, म्हणजे मेमरी आणि जर्नल दोन्हींवर दाब येतो. अपयश आलं की सीड जपून ठेवा, मोठ्या 'एस' ने तोच परत देता येतो. फक्त सीड म्हणजे ऑपरेशनचा क्रम. थ्रेडांच्या वेळा त्यात येत नाहीत, त्यामुळे तोच सीड दर वेळी पडेल अशी अपेक्षा धरू नका.

पायरी ६: बिघडलेल्या बाइटांवरून निदान

याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाचतो. चाचणीत नुसतं 'ए' लिहू नका. प्रत्येक ४ केबी ब्लॉकच्या दर १६ बाइटमध्ये फाइलचा क्रमांक, ब्लॉकचा क्रमांक आणि पिढी म्हणजे कितवं लिखाण ते घाला. मग पडझड झाल्यावर बाइट स्वतःच बोलतात.

डेटा हवा तिथे शून्यं आली आणि फाइलफ्रॅग तो ब्लॉक अजून अनरिटन दाखवतो: डेटा बहुधा डिस्कवर पोचला आहे, पण खूण बदलणं हरवलं. डीडीने डिव्हाइस वाचून खात्री करा. खाली डेटा सापडला तर पूर्ण झालेल्या आयओच्या नोंदीपासून वर्कक्यूपर्यंतचा रस्ता तपासा.

शून्यं आली आणि ब्लॉक 'लिहिलेला' आहे: कुणीतरी खरोखर शून्यं लिहिली. नासकी जागा कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते मोजा. पेजच्या मध्यापासून पेजच्या कडेपर्यंत असेल तर शिळा नकाशा. ५१२ च्या पटीत सुरू होऊन ब्लॉकच्या आत असेल तर अर्धवट डायरेक्ट आयओ.

एबी आलं: खूण डेटाच्या आधी बदलली. नुकताच वीज जाण्याचा प्रयोग केला असेल तर संशय लगेच जर्नलच्या क्रमावर घ्या.

आपलीच फाइल, आपलाच ब्लॉक, पण जुनी पिढी: नवं लिखाण हरवलं. इथे अनरिटनला दोष देण्याआधी तुमच्या चाचणीतली पडताळणीच रेसमध्ये नाही ना, ते बघा. निम्म्या वेळा तीच असते.

दुसऱ्या फाइलचा क्रमांक: मोकळा केलेला ब्लॉक कुणीतरी अजून वापरतंय. पंच होल आणि एमएमॅप. यंत्र थांबवा, डिस्कची प्रत घ्या, एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) मात्र प्रत घेतल्यावरच चालवा.

घटनाक्रम पाहायला ट्रेसपॉइंट आहेत. एक्स्ट४ मध्ये अनरिटन एक्स्टेंट हाताळण्याचे, एक्सएफएसमध्ये अनरिटन कन्व्हर्टचे. ट्रेस-सीएमडीने ते आणि राइटबॅकचे ट्रेसपॉइंट एकत्र नोंदवा. प्रिंटके (कर्नलमधला प्रिंट) टाकून बघू नका, त्याने वेळा इतक्या बदलतात की रेस गायब होते. केसीसॅन हा ५.८ मध्ये आलेला डिटेक्टर लॉकशिवाय एकाच मेमरीवर होणारे दोन स्पर्श पकडतो. वरच्या चारपैकी बहुतेक रेस त्याला दिसणार नाहीत, कारण प्रत्येक स्पर्शाला लॉक होतंच. लॉक सुटल्यानंतर जुनं उत्तर वापरलं गेलं, आणि ते ओळखायला अजून माणूसच लागतो.

पायरी ७: ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांसाठी

फॅलोकेटने जागेची हमी मिळते, वेगाची नाही. राखलेल्या जागेवरचं पहिलं लिखाण खूण बदलतं, म्हणजे प्रत्येक सिंकला जर्नल ट्रान्झॅक्शन. लॉग फाइलसारखं सतत सिंक होणारं काही असेल तर फाइल आधी खरोखरची शून्यं लिहून भरा आणि सिंक करा. पोस्टग्रेएसक्यूएल आपल्या वॉल (बदलांच्या लॉगच्या) फाइली मुळात अशाच भरतं. १२ व्या आवृत्तीपासून ते बंद करण्याची वॉल इनिट झिरो ही सेटिंग आहे.

जागेची हमीसुद्धा मेटाडेटापर्यंत सहज पोचत नाही. मोठ्या अनरिटन एक्स्टेंटच्या मध्ये लिहिलं की एकाचे तीन होतात, आणि एक्स्टेंटच्या झाडात जागा नसेल तर नवा ब्लॉक लागतो. भरलेल्या डिस्कवर तो आणायचा कुठून? एक्स्ट४ यासाठी २ टक्के किंवा ४०९६ क्लस्टर, जे कमी असेल ते, बाजूला ठेवतं. एक्सएफएस ५ टक्के किंवा ८१९२ ब्लॉक. हे साठे शून्य करून 'जागा वाचवू' नका.

आणि पॉझिक्स फॅलोकेटपासून जपून. खालची फाइलसिस्टिम फॅलोकेट देत नसेल तर जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) त्याची नक्कल करते: प्रत्येक ब्लॉकमधला एक बाइट वाचते, आणि तो शून्य असेल तर तिथे पुन्हा शून्य लिहिते. त्या वाचण्या-लिहिण्याच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने तिथे काही लिहिलं तर त्यावर शून्य बसतं. मॅन्युअल पानावर हा इशारा स्पष्ट दिलेला आहे. नेटवर्क फाइलसिस्टिमवर चालू शकणारा प्रोग्राम असेल तर थेट फॅलोकेट वापरा, 'चालत नाही' ही एरर आली तर ती स्वीकारा, आणि जागा भरण्याचं काम दुसरं कुणी फाइल उघडण्याआधी एकाच थ्रेडमध्ये उरका.